रिटायर्ड फौजी पप्पांना पीटीएसडी (भयंकर अनुभवाचा मनावर राहिलेला आघात) आहे, कुत्रा पाळला आणि त्यांनीच शिकवला तर खरंच फरक पडतो का?

जुळे_सोलापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू का नको करत होते, यंदाची दिवाळी झाल्यावर आता लिहितेच. थोडं लांबेल पण वाचा प्लीज.

माझे पप्पा आर्मीतनं २०१४ ला रिटायर झाले. २४ वर्षं सर्विस, इन्फन्ट्री, त्यातल्या दोन टेन्युअर राष्ट्रीय रायफल्समधे काश्मीरला. घरी आल्यावर पहिली दोन वर्षं आम्हाला वाटलं की सिव्हिल लाईफची सवय नाही म्हणून असं होतंय, होईल हळूहळू नीट. झालं नाही. रात्री तीनला उठून कडी बघतात, मग गॅलरीत उभं राहून खाली कोण चाललंय ते बघत बसतात ते उजाडेपर्यंत. हॉटेलात गेलो तर भिंतीला पाठ लागेल तीच खुर्ची पाहिजे, नाही मिळाली तर अर्धं ताट टाकून उठतात. नवी पेठेच्या बाजारात कित्येक वर्षांत आले नाहीत. रस्त्याच्या कडेला पोतं, डबा, टायर काही पडलेलं दिसलं की गाडी पार पलीकडनं घेतात, मागं आई बसलेली असते ती घाबरते पण बोलत नाही. आणि आपल्या सोलापुरात तर महिन्याला एक मिरवणूक आणि डीजे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, शोभेच्या दारूकामाला मी लहान असताना, ते सुट्टीवर आलेले, ह्याच पप्पांनी मला खांद्यावर बसवून होम मैदानावर दाखवलंय. आता त्या रात्री बाथरूममधे नळ सोडून बसतात, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

पुण्याला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पीटीएसडी म्हणून सांगितलं. गोळ्या चालू आहेत, म्हणजे आई हातात ठेवते तेव्हा घेतात. काउन्सेलिंगला दोनदा गेले तिसऱ्यांदा नाही. म्हणाले त्या पोराला काय सांगू, त्यानं बर्फ तरी बघितलाय का.

आता कुत्र्याचं. पप्पांच्या आरओपीत, म्हणजे सकाळी सकाळी रस्ता तपासत जाणारी पार्टी असते त्यात, पुढं डॉग आणि त्याचा हॅंडलर असायचा. आम्हाला एकदाच सांगितलं होतं त्यांनी, की कुत्रा वास घेत घेत चालायचा आणि एखाद्या जागी गप्प बसला की सगळी पार्टी जागेवर थांबायची, कारण त्यानं बसायचं म्हणजे खाली काहीतरी आहे. एवढं सांगून उठून गेले. ऑक्टोबर २०२२ ला आर्मीचा झूम नावाचा कुत्रा अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागून नंतर दवाखान्यात वारला, ती बातमी टीव्हीवर चाललेली तेव्हा पप्पा दोन दिवस जेवले नव्हते. आमच्या आजीच्या वेळेला पण डोळ्यात पाणी नव्हतं त्यांच्या.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक टेम्पो उभा असतो कायमचा, त्याच्याखाली एक पिल्लू आहे, दोन अडीच महिन्याचं असेल, तपकिरी आणि एक पाय पांढरा. त्याची आई गाडीखाली गेली. महिनाभर झाला पप्पा रोज संध्याकाळी भाकरी कुस्करून घेऊन जातात आणि अर्धा पाऊण तास तिथंच बसतात. त्याच्याशी बोलतात. आमच्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलत नाहीत, म्हणून मी लांबनं उभं राहून बघत होते आणि मला रडायलाच आलं.

माझ्या चुलतभावानं व्हिडिओ पाठवलाय, अमेरिकेत म्हणे असे फौजी स्वतः कुत्री शिकवतात आणि त्यांना खूप फरक पडतो. म्हणून विचारायचंय की हे खरं आहे का नुसता व्हिडिओ. ह्या पिल्लालाच घ्यावं का लॅब्राडोर आणावा? सोलापुरात असं शिकवणारं कोण आहे का? आणि मला भीती पण आहे, पप्पांचा राग एकदम जातो वर, त्यांनी त्या मुक्या जिवाला काही केलं तर, किंवा तेच मेलं तर पप्पांचं काय होईल. आई तर नाहीच म्हणते, घरात देवघर आहे, तिच्या गुडघ्याचं दुखणं आहे, करायचं कुणी.

माजी_नायक_मोहोळ

पोरी जय हिंद सांग पप्पांना. मी पण आरआर, म्हणजे राष्ट्रीय रायफल्स, करून आलोय, युनिट दुसरं. तू लिहिलेलं वाचताना बायकोला हाक मारली, म्हणलं बघ हे आपल्याच घरातलं लिहिलंय कुणीतरी.

पहिली गोष्ट, पिल्लू उचलून आणून त्यांच्या पुढ्यात ठेवू नको, सरप्राईज बिरप्राईज अजिबात नाही. आमच्या असल्या माणसाला अचानक काही आवडत नाही, चांगलं असलं तरी. त्यांना विचार. असं विचार की पप्पा ह्याला थंडी वाजत असंल, आणायचं का, आणलं तर तुम्ही सांभाळणार का. मग गप्प बस. चार दिवस लागू दे, आठ दिवस लागू दे. त्यांच्या तोंडातनं होय आलं पाहिजे. एकदा होय म्हणले की ती त्यांची ड्यूटी झाली, आणि फौजी माणूस ड्यूटी सोडत नाही बघ.

माझं सांगतो. मी रिटायर होऊन गावाकडं शेतात राहायला आलो, बँकेत गनमॅनची नोकरी केली दीड वर्ष, ती पण सुटली. दिवसभर झोपायचो रात्रभर फिरायचो, दारू तर कॅन्टीनची होतीच. मेव्हण्यानं एक कुत्री आणून सोडली, कारवानी आणि गावठी मिक्स, उंच लांबट तोंडाची, तिच्या धन्याला नको होती. मी म्हणलं बांध तिकडं. पण सकाळी साडेपाचला ती रडायची, बाहेर न्यायला. बायको उठंना, पोरं उठनात, मग मीच. साडेपाचला उठायचं तर रात्रभर फिरता येत नाही, आपोआप अकराला पडायला लागलो. सकाळी उठायचं म्हणून रात्री पिणं कमी झालं, एकदम नाही बंद झालं पण कमी झालं. हे कुठल्या डॉक्टरनं सांगून मी केलं नसतं, कितीतरी जणांनी सांगितलं होतं.

आता शिकवायचं. मी तिला पहिल्यांदा परेड ग्राउंडवरच्या आवाजात सांगायला गेलो. ती जागेवर मुतली. थरथर कापत भिंतीला चिकटली आणि माझ्याकडं बघेना. तेव्हा मला माझा धाकटा पोरगा आठवला, तो पण असाच भिंतीला चिकटायचा मी घरात आलो की. त्या दिवशी मी शेतात जाऊन बसलो लई वेळ. मग आवाज खाली आणायला शिकलो. कुत्र्याला ओरडून काही येत नाही, लाडीगोडीनं एका दिवसात येतंय. शाब्बास म्हणायला लागतंय, आणि ते मनापासनं म्हणायला लागतंय, खोटं शाब्बास तिला कळतंय. मी वीस वर्षात कुणाला शाब्बास म्हणलं नव्हतं. कुत्रीला म्हणत म्हणत पोराला पण म्हणायला लागलो, तोंडात बसला तो शब्द.

राग येणार. मला पण आला, एकदा चप्पल उचलली होती. आमचं ठरलेलं असायचं की डोकं गरम झालं की कुत्रीला शिकवायचं नाही, दोरी बायकोच्या हातात द्यायची आणि विहिरीकडं चालत सुटायचं. तुमच्या घरात पण असं आधीच ठरवा, भांडण झाल्यावर नाही.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेव, झोपेची. मला स्वप्न पडलं की मी हात पाय झाडायचो, ओरडायचो. ती एकदा अंगावर आली उठवायला आणि मी झोपेतच तिला फेकली. तिचा पाय दुखावला, तीन दिवस लंगडत होती आणि तरी माझ्याच खाटंपाशी येऊन बसायची. तेव्हापासनं तिला पायाकडं झोपायची सवय लावली, आणि उठवायचं तर तळपायाला नाक लावायचं, तोंडापाशी यायचं नाही. पाय थंड नाकानं हलला की मी जागा होतो, हात घातला तर ती असतीय, आणि ती निवांत असली म्हणजे बाहेर कोण नाही. कडी बघायला मी अजून उठतो कधी कधी. पण आधी तिचे कान बघतो, कान पडलेले असले की परत झोपतो. माझ्या वाटणीचा पहारा ती देतीय म्हण ना.

बाजारात जाताना मी तिला मागं उभं करायला शिकवलंय. मी भाजी घेताना ती माझ्या पाठीमागं तोंड करून उभी, मग मला सारखं वळून बघायला लागत नाही. पण सोलापूरच्या मार्केट यार्डात नाही नेत, मोहोळच्या आठवडी बाजारात पण कडंकडंनंच.

गोळ्या मी अजून घेतोय. कुत्री आली म्हणून सोडल्या नाहीत, एकदा सोडल्या होत्या आणि महिनाभरात परत तिथंच आलो होतो.

पंजा_आणि_पट्टा

ताई मी कुत्र्यांचं ट्रेनिंग करतो, विजापूर रोडला राहतो, दहा-अकरा वर्षं झाली. माजी नायकसाहेबांनी झोपेचं जे सांगितलं ते लाख मोलाचं आहे, त्यामुळे मी नुसतं कुत्र्याच्या बाजूचं लिहितो.

लॅब्राडोर आणू नका असं नाही म्हणत, पण आपल्याकडं एप्रिल-मे मधे ४२-४३ डिग्री होतं, आणि लॅब धापा टाकून बेजार होतो, वजन वाढतं, मागचे सांधे धरतात. हस्की सेंट बर्नार्ड तर सोलापुरात आणूच नये कुणी, पाप आहे ते. देशी कुत्र्याला इथलं ऊन मानवतं, आजार कमी. तुमचं टेम्पोखालचं पिल्लू जात म्हणून एकदम योग्य आहे. फक्त त्याचा स्वभाव बघा. लांब उभं राहून स्टीलचं ताट खाली पाडा. पिल्लू दचकणार, दचकू दे, पण नंतर ते काय करतंय ते बघा. जे अर्ध्या मिनिटात पुढं येऊन ताटाचा वास घेतंय ते पिल्लू तुमच्या कामाचं. जे टेम्पोखाली जाऊन तासभर बाहेर येत नाही ते सांभाळायला चांगलं, प्रेम करेल, पण फटाक्याच्या रात्री तुमच्या घरात घाबरलेले दोन जीव होतील. तिकडं अमेरिकेत संस्था वर्ष-दोन वर्षं कुत्री तयार करतात आणि तरी त्यातली बरीच नापास होतात ह्याच कारणानं.

आल्याबरोबर डॉक्टरकडं न्या, जंताचं औषध, मग पार्वो-डिस्टेंपरची लस तीन-चार आठवड्याच्या अंतरानं, आणि तीन महिन्याचं झालं की रेबीजची, ती नंतर ठरलेल्या टायमाला परत परत द्यावी लागते. हे सगळं पप्पांनाच करू द्या. कार्ड त्यांच्याकडं ठेवा. गोचीड आपल्याकडं बारा महिने, रोज संध्याकाळी कानात आणि बोटांच्या बेचक्यात बघायचं, हे पण त्यांचंच काम. ते बघताना माणूस कुत्र्याच्या अंगावर पंधरा मिनिटं हात फिरवतो, दोघंही थंड होतात त्यात.

ट्रेनिंग दहा मिनिटंच, दिवसातनं दोन-तीनदा. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे करून खिशात ठेवायचे. शेंगा द्यायच्या तर बिनमिठाच्या दोन-चार, शेंगाचटणी नको, लसूण असतो. कांदा लसूण द्राक्षं चॉकलेट कुत्र्याला विष. भाकरी चालते पण नुसत्या भाकरीवर पिल्लू वाढत नाही, अंडं द्या रोज. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आधी हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघायची, आपल्याला सोसलं तर त्याच्या पायाला सोसेल.

आणि माझं एक कळकळीचं सांगणं. पप्पा म्हणतील त्याला राखणीचं शिकवतो, भुंकायला, धरायला. नाही म्हणा. आधीच ज्याला चारी बाजूनं धोका दिसतो त्याच्या हातात धोका शोधणारं कुत्रं दिलं की दोघं एकमेकाला घाबरवत राहतात, कुत्रं भुंकलं की माणूस ताठ, माणूस ताठ झाला की दोरीतनं कुत्र्याला कळतं आणि ते अजून भुंकतं. ह्या कामाच्या कुत्र्याला अटॅक शिकवतच नाहीत. त्याला शिकवायचं ते जवळ यायचं, मांडीवर डोकं ठेवून वजन टाकायचं, मागं उभं राहायचं, बोलावलं की सगळं सोडून यायचं.

मेरठच्या आरव्हीसी, म्हणजे आर्मीच्या पशुवैद्यकीय विभागाच्या, सेंटरमधनं आर्मीची रिटायर कुत्री पण दत्तक देतात, पप्पांच्या मनात येईल कदाचित. पण ती वयस्कर असतात, दोन-चार वर्षांची साथ. पहिलंच कुत्रं म्हणून आत्ता नको वाटतं मला.

अक्कलकोट_रोडची_काकू

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नकोस. आमचे हे पण फौजीच. पोरानं हौसेनं कुत्रं आणलं, दोन महिने ह्यांनी केलं सगळं, मग परत डोकं बिघडलं आणि बारा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या बारा दिवसात मी दवाखान्याचा डबा करुलाले, कुत्र्याचं करुलाले, आणि घरी आले की ते दाराकडं बघून रडुलालंय. तुझ्या आईचं नाही म्हणणं नुसतं देवघराचं नाहीये बाळा. तिनं आधीच एक माणूस सांभाळलाय इतकी वर्षं, आता अजून एक नको म्हणतीय ती. तिला विचार की तुझ्या वाट्याला काय येणार नाही हे मी बघते, मग काय म्हणतेस. आणि ते खरंच बघ. पप्पा आजारी पडले तर कुत्रं कोण घेणार त्याचं नाव आज ठरव.

आमचं कुत्रं आहे अजून. ह्यांना पण बरं आहे आता, कुत्र्यानं का गोळ्यानं का दारू सुटल्यानं ते मला सांगता येत नाही, सगळ्यानंच असेल.

मनाची_नर्स

मी मानसोपचार वॉर्डात काम केलंय बरीच वर्षं. खरं का नुसता व्हिडिओ विचारलंय म्हणून अभ्यासाबद्दल लिहिते.

खरं आहे, पण व्हिडिओत दाखवतात तितकं जादूचं नाही. २०२४ मधे अमेरिकेत एक अभ्यास आला, १५६ जण, सगळे पीटीएसडीचे माजी सैनिक वगैरे. त्यातल्या ८१ जणांना शिकवलेलं कुत्रं मिळालं, ७५ जण वेटिंगवर होते. दोन्हीकडचे आपापले नेहमीचे उपचार चालूच. तीन महिन्यांनी सगळ्यांना तज्ज्ञांकडनं तपासलं, आणि कुणाकडं कुत्रं आहे हे त्या तज्ज्ञांना सांगितलेलं नव्हतं. कुत्रं असलेल्यांमधे पीटीएसडी अजून असण्याची शक्यता ६६ टक्क्यांनी कमी निघाली. पण हे चिठ्ठ्या टाकून वाटलेले गट नव्हते, हे लक्षात ठेवायचं. त्याच्या आधी तिकडच्या सरकारी माजी सैनिक खात्यानं १८ महिने चाललेला अभ्यास केलेला, त्यात खास शिकवलेलं कुत्रं आणि नुसतं सोबतीचं कुत्रं अशी तुलना होती. दोन्ही गट सुधारले. शिकवलेल्या कुत्र्यानं लक्षणांमधे थोडा जास्त फरक पडला, रोजच्या जगण्याच्या बाबतीत दोन्हीत तसा मोठा फरक नाही. मला ह्याचा अर्थ तुमच्यासाठी चांगलाच वाटतो, टेम्पोखालचं साधं पिल्लू पण कामाचं आहे असा. आणि कुत्रं स्वतः शिकवणं हाच उपचाराला जोड म्हणून धरायचं, त्यासाठी तिकडं २०२१ ला कायदा करून प्रयोग पण सुरू केलाय. व्हिडिओत कुत्री मॉलमधे हॉटेलात दिसतात ते तिकडच्या १९९० च्या अपंगांच्या कायद्यामुळे, इथं दुकानदार नाही म्हणू शकतो, त्यामुळे पप्पांचा अपमान होईल अशा ठिकाणी आधी न्यायला लावू नका.

एक धोका सांगते जो घरच्यांच्या लक्षात येत नाही. कुत्रं हे टाळायचं साधन होऊ शकतं. कुत्र्यामुळे बाजारात जाता येतं हे छान, पण कुत्र्याशिवाय जाताच येत नाही असं व्हायला नको. म्हणून कधी कुत्र्यासकट, कधी कुत्र्याशिवाय पाच मिनिटं, असं वाढवत न्यायचं. हे काउन्सेलरबरोबर ठरवलं तर उत्तम. त्या पोरानं बर्फ बघितला नाही हे खरं आहे पण पाय मोडलेला डॉक्टर लागत नाही पाय बसवायला. दुसरा काउन्सेलर बघा, पुण्याला सैन्याच्या दवाखान्यात फौजींशीच रोज बोलणारी माणसं आहेत, ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधनं रेफरल घेता येतो. टेली-मानस ही मानसिक मदतीची सरकारी फोन सेवा आहे, १४४१६ ला रात्री पण फोन लागतो, मराठीत बोलतात, तो नंबर आईच्या फोनमधे आत्ता सेव्ह करा. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, कुत्र्यामुळे कितीही बरं वाटलं तरी, डॉक्टरला विचारून.

आणि ताई, हे विचारायला लागतंच. बरेच माजी सैनिक सिक्युरिटीच्या नोकरीसाठी लायसन्सची बंदूक ठेवतात. घरात असेल तर सध्या ती घरात नको. पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या शस्त्र दुकानात जमा करता येते. जगण्यात अर्थ नाही असं काही ते बोलले तर कुत्र्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

जुळे_सोलापूरची_लेक

सगळ्यांचे लई लई आभार, काकू तुमचे सगळ्यात जास्त. गड्डा झाल्यावर लिहीन म्हणलं होतं मनात, आज लिहिते.

पिल्लू आलं. माजी नायक काकांनी सांगितलं तसंच विचारलं आणि गप्प बसले, अकरा दिवस पप्पा काही बोलले नाहीत. बाराव्या दिवशी पहाटे गारठा होता खूप, उठून बघते तर पप्पांच्या जुन्या जर्सीत गुंडाळलेलं ते हॉलमधे, आणि पप्पा शेजारी खाली जमिनीवर बसलेले. ताटाचा प्रयोग नंतर केला, पास झालं. आईशी आधी दोन रात्री बोलून ठरवलं, पिल्लानं स्वयंपाकघरात आणि देवघरात यायचं नाही, फरशी पप्पा पुसणार, पप्पा नसले तर चुलतभाऊ नेणार. आईनं पहिले पंधरा दिवस त्याच्याकडं बघितलं पण नाही, आता रोज एक भाकरी जास्त टाकते आणि म्हणते उरली होती. बंदूक होती, जमा केली, पप्पांनी स्वतः नेऊन दिली, मला वाटलं होतं भांडण होईल.

सकाळी पावणेसहाला दोघं स्मृतिवनाकडं जातात. लसीचं कार्ड पप्पा शर्टाच्या खिशात प्लास्टिकमधे ठेवतात आर्मीच्या आयकार्डासारखं. रात्री अजून उठतात पण गॅलरीत नाही जात, त्याच्यापाशी बसतात. दोनदा ओरडले त्याच्यावर खूप, दोन्ही वेळेला दोरी माझ्या हातात देऊन बाहेर गेले. पुण्याला नवीन काउन्सेलरकडं एकदा जाऊन आलेत, पुढची तारीख पण घेतलीय.

दारूकामाच्या रात्री आम्ही मावशीच्या गावाला गेलो, पंढरपूरच्या पलीकडं, सगळे, पिल्लासकट. नळ सोडावा लागला नाही.

आता एक अडचण आहे आणि ही पप्पांनी विचारायला सांगितलीय, म्हणजे मी सगळं वाचून दाखवलं त्यांना तुमचं. त्यांनी त्याला ये, थांब, मागं, सोड सगळं शिकवलं. पण बस शिकवत नाहीत. मी एकदा खाऊ दाखवून सहज बस म्हणलं आणि ते बसलं, तर पप्पा उठून आतच गेले. मला कळलंच नाही आधी. मग गेल्या आठवड्यात होटगी रोडला चालताना ते गटारीच्या कडेला आपलं आपणच बसलं. पप्पा आहेत तिथंच थांबले. मी म्हणते चला, तर हात आडवा केला मला, पुढं येऊ नको म्हणून. पाच-दहा मिनिटं तसंच, गाड्या जातायत बाजूनं, लोक बघतायत. मग त्यानं मागच्या पायानं कान खाजवला, गोचीड होती, म्हणून बसलं होतं. पप्पा हळूहळू जाऊन त्याच्या शेजारी टेकले, गटारीच्या कठड्यावर, आणि त्याचा कान बघायला लागले. घरी आल्यावर मला म्हणाले, त्यांना विचार, बस न शिकवता चालेल का.

पंजा_आणि_पट्टा

चालेल. एकदम चालेल, सांगा साहेबांना. बस हा हुकूम सगळे पहिला शिकवतात कारण सोपा आहे, त्यावाचून काही अडत नाही. त्याच्या जागी उभ्या उभ्या थांब पक्कं करा, आणि घरात निवांत ठेवायला आडवं पडायचं शिकवा, चादरीचा तुकडा टाकून त्याच्यावर जाऊन पडायचं. आडवं पडायला शिकवताना पण बसवून खाली नेऊ नका, उभ्यावरनंच, तुकडा नाकापासनं पुढच्या दोन पायांच्या मधे खाली न्यायचा, ढुंगण वर राहील आधी, थांबायचं, पडेल आपोआप. पडलं की लगेच शाब्बास. आपणहून बसलं तर त्याला काही बोलायचं नाही, ओढायचं नाही, नावानं हाक मारायची, येतंय का बघायचं. आलं की दोघं चालायला लागा.

मनाची_नर्स

होटगी रोडचं हे काउन्सेलरला सांगा पुढच्या वेळेला, जसंच्या तसं, पप्पांनीच सांगितलं तर फार चांगलं. ते पुढं जाऊन शेजारी टेकले हे विसरू नका सांगताना.

माजी_नायक_मोहोळ

पोरी मी येत्या रविवारी दवाखान्याच्या कामानं सोलापुरात आहे, कुत्रीला आणणार आहे. सहाला स्मृतिवनाच्या गेटपाशी थांबतो. पप्पांना म्हणावं बोलायला पाहिजेच असं काही नाही, एक राऊंड चालू आणि कुत्री खेळू देत. पिल्लाचं नाव काय ठेवलंय ते लिहिलंच नाहीस तू.

जुळे_सोलापूरची_लेक

येतो म्हणालेत पप्पा. साडेपाचलाच पोचतील ते, सांगून ठेवते. नाव जवान.